पाच पुस्तकांचा एक सिनेमा करताना काय कापायचं?

मुलांच्या फँटसी मालिकेवर सिनेमा करायचा ठरला की आधी चर्चा रंगते ती राक्षस कसा दिसणार याची. खरी गोम त्याच्या कितीतरी आधी, पटकथेत असते. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. घरच्या सगळ्यांनी मिळून बघायचा सिनेमा शंभर मिनिटांत आटोपलेला बरा, म्हणजे हातात पानं शंभरच. आणि समोर पुस्तकं पाच.

'द स्पायडरविक क्रॉनिकल्स' या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. टोनी डिटर्लिझी आणि हॉली ब्लॅक यांची पाच छोटी सचित्र पुस्तकं २००३-०४ मध्ये आली, मार्क वॉटर्सचा सिनेमा २००८ मध्ये. आर्थर स्पायडरविकने अद्भुत प्राण्यांची सगळी माहिती एका ग्रंथात लिहून ठेवली आहे आणि तो ग्रंथ जेरेड, सायमन आणि त्यांची बहीण मॅलरी या ग्रेस भावंडांच्या हाती लागतो. पुस्तकांत त्याच्यामागे एकामागून एक मंडळी लागतात. एल्फना तो हवाच असतो, बुटके मॅलरीला पळवतात, शेवटी मलगराथ हा राक्षस मुलांच्या आईला उचलून नेतो, वर ड्रॅगनही आहेत. सुट्या पुस्तकांत हे छान चालतं, कारण प्रत्येक भागाला आपापलं संकट लागतंच. सिनेमात हेच केलं तर दर वीस मिनिटांनी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्यासारखी वाटते.

म्हणून सिनेमात बुटके नाहीत, ड्रॅगन नाहीत, एल्फही नाहीत. ग्रंथ मागणारा एकटा मलगराथ. जागाही मुख्यतः एकच: जादूच्या संरक्षक वर्तुळात असलेलं जुनं घर. चंद्र उगवला की वर्तुळ तुटणार, ही मुदत. हा निर्णय मला शंभर टक्के पटतो. सेटचा खर्च एका घरावर एकवटतो आणि कोण कुठे आहे हे सात वर्षांच्या मुलालाही कळत राहतं.

मात्र पात्र कापलं तरी त्याचं काम उरतंच. पुस्तकांत आर्थरला एल्फ घेऊन जातात. एल्फ काढले, मग त्याला नेलं कोणी? सिनेमात ते काम सिल्फ या हवेतल्या अद्भुत जिवांकडे आलं. काटछाट करण्याआधी प्रत्येक पात्रासमोर दोन गोष्टी लिहून काढाव्यात: ते कोणती माहिती देतं आणि कोणाला कुठे पोहोचवतं. हे राहिलं की तिसऱ्या अंकात भगदाड पडतं आणि ते बुजवायला कोणीतरी उभं राहून मोठं स्पष्टीकरण देत बसतं. आणि किंमत मोजावी लागतेच. प्राण्यांवर जीव टाकणारा सायमन पुस्तकात जितका भरीव आहे तितका पडद्यावर उरलेला नाही.

जेरेड आणि सायमन ही जुळी भावंडं एकट्या फ्रेडी हायमोरने केली. असे प्रसंग सरसकट महागडे करायची गरज नसते. बरेच शॉट खांद्यावरून घेता येतात: पाठमोरा डमी, समोर खरा नट. दोघं एकत्र दिसायलाच हवे असतील तर कॅमेरा घट्ट बांधायचा, एक बाजू चित्रित करायची, कपडे आणि केस बदलून दुसरी. शिवाय कोणीच नट नसलेल्या रिकाम्या जागेचा एक शॉट घ्यायचाच. दोन चित्रांचा जोड दाराच्या चौकटीवर किंवा कपाटाच्या कडेला लपवायचा. प्रसंगाची लय ज्या पात्राच्या हातात आहे ते आधी चित्रित करायचं, म्हणजे दुसऱ्या वेळी पहिल्याचे संवाद कानातल्या छोट्या स्पीकरवर ऐकवता येतात. कॅमेरा हलता हवा असेल तर तीच हालचाल हुबेहूब पुन्हा करणारी मोशन कंट्रोल यंत्रणा लागते, आणि तिच्या मांडणीत वेळ जातो. बालकलाकाराचे कामाचे तास मर्यादित असतात, त्यामुळे कपडेबदलाची वीस मिनिटंही वेळापत्रकात धरावी लागतात. बाहेर उन्हात हा प्रकार शक्यतो टाळावा. दोन शॉटच्या मध्ये ढग आला की सावल्या जुळत नाहीत.

घरात राहणाऱ्या थिंबलटॅक या अद्भुत जिवासारखं वीतभर पात्र नंतर संगणकावर येतं, तेव्हा नजर चुकते. मुलं त्या जागेच्या पलीकडे बघतात. तालमीत त्याच उंचीची बाहुली ठेवायची, प्रत्यक्ष टेकच्या वेळी ती काढून बारीक खूण सोडायची. दोन मुलांच्या नजरा वेगवेगळ्या अंतरावर पडल्या, तर ॲनिमेशन कितीही उत्तम असलं तरी प्राणी तरंगताना दिसतो.

भीतीचं प्रमाण हा आणखी वेगळा हिशेब. मलगराथच्या फौजेतल्या गॉब्लिन या दुष्ट प्राण्यांना मारायला टोमॅटो सॉस ही युक्ती झकास आहे: पडदा लाल होतो, रक्ताचा थेंब नाही आणि हत्यार स्वयंपाकघरातलं. मलगराथ वडिलांचं रूप घेऊन येतो आणि जेरेड त्याला भोसकतो, तो प्रसंग मात्र लहानांना गॉब्लिनांपेक्षा जड जाऊ शकतो, कारण आई-वडिलांच्या घटस्फोटाची जखम गोष्टीत आधीपासून आहे. अशा ठिकाणी संकलकाने वार दिसल्यावर वडिलांच्या चेहऱ्यावर रेंगाळू नये. राक्षसाचं खरं रूप लगेच दाखवावं.