गोऱ्हा कधी बडवायचा?

"वहिनी, गोऱ्हा डुरकाले लागला. आता बडवावं, का अजून थांबावं?" दिवाळीच्या आगेमागे हा प्रश्न मला दरवर्षी चार जण तरी विचारतात. गोऱ्हा म्हणजे गायीचा तरणा नर, आणि बडवणं म्हणजे त्याचं खच्चीकरण. मागच्या आठवड्यात खालच्या गावच्या एका भावाचा फोन आला. त्याचा गोऱ्हा दीड वर्षाचा, कारवडींवर चढतो, लेकरांवर डोळे काढतो. फोनवर दोन वाक्यांत सांगून माझंच समाधान झालं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं. गवळाऊ या आमच्या भागातल्या जातीच्या गायी आता मोजक्याच कोठ्यांत, म्हणजे गोठ्यांत, उरल्यात, त्यातला एक कोठा आमचा. लग्न होऊन आले तेव्हापासून गोऱ्हे मीच पाहते, म्हणून लोक मला विचारतात.

माझा हिशेब असा. बडवायचं ते दुधाचे दोन दात पडून मोठे दोन दात दिसू लागले की, म्हणजे साधारण दोन वर्षांच्या आसपास, आणि तेही दिवाळी ते महाशिवरात्र या दिवसांत. पावसाळ्यात कोठ्यात चिखल आणि माश्या, वैशाखात आपल्याकडचं ऊन. दोन्हीत जनावराचे हाल होतात. हिवाळ्यात केलं की उन्हाळाभर हलक्या बंडीला (बैलगाडीला) जुंपून शिकवता येतो आणि मृगापर्यंत तो डवऱ्याला, म्हणजे पिकातल्या कोळपणीच्या औताला, लावण्याजोगा होतो.

सहा-आठ महिन्यांच्या वासराला घाईने चिमटा (बडवायचं अवजार) लावतात, ते मला पटत नाही. वळूची भरदार मान आणि वशिंड अंडातल्या रसानेच तयार होतं. हाडांची वाढ वेळेवर थांबवण्याचं कामही तोच रस करतो. तो फार लवकर तोडला तर पाय उंच होतात, मान बारीक राहते आणि जू नीट बसत नाही. ज्याला औताला जुंपायचंच नाही, त्याचं लवकर केलं तर काही बिघडत नाही. पण आपल्याला बैल हवा असतो.

मात्र गोऱ्हा माणसावर येऊ लागला असेल, तर दातांची वाट पाहू नका.

इथे नीट बघावं लागतं. चार-सहा महिन्यांची वासरं एकमेकांवर चढतात, डोकी लावतात, तो खेळ असतो. कारवडीचं मूत हुंगून वरचा ओठ वर करून उभा राहिला, तर तो वयात येतोय एवढंच समजायचं. त्या दिवसापासून त्याला कारवडींपासून वेगळा बांधा, नाहीतर सख्ख्या बहिणीच गाभण राहतात. आणि तुम्ही कोठ्यात शिरल्यावर तो तोंड समोर न करता आडवा उभा राहिला, पाठ फुगवून, मान खाली घालून एका डोळ्याने तुमच्याकडे पाहू लागला, तर तो आपलं अंग दाखवतोय. माती उकरणं, बांधाला शिंगं घासणं हे त्याच्या पुढचं. त्या आडव्या उभ्या राहण्याकडे लोक लक्षच देत नाहीत. मीही दिलं नव्हतं.

2022 च्या लंपी रोगाच्या साथीत आमची गाय गेली. तिचं वासरू महिनाभराचं होतं, नाव हिऱ्या. मी त्याला बाटलीने दूध पाजलं. दुसऱ्या वासरांत तो कधी राहिलाच नाही, अंगणातच वाढला. माझा पुतण्या तेव्हा सात वर्षांचा. तो हिऱ्याच्या कपाळावर तळहात टेकवून जोर लावायचा, हिऱ्या मागचे पाय रोवून त्याला ढकलत पार तुळशीपर्यंत न्यायचा. सगळं घर टाळ्या वाजवायचं. मीही वाजवायचे.

दोन वर्षांनी तो दोनदाती झाला. अशी मान मी आमच्या कोठ्यात पाहिली नव्हती. दिवाळीला बडवायचं आधी ठरलं होतं, पण गावातले म्हणू लागले, "अजून एक साल भरू द्या, पटात पळवा." बंदी उठल्यापासून आमच्या भागात शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतींची, हवा पुन्हा आहे. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या होत्या, 2023 च्या मे महिन्यात राज्याचा कायदा मान्य झाला. तळेगाव दशासरच्या पटाचं नाव तर लहानपणापासून कानावर. माझाही जीव लोभावला. थांबलो.

पुढच्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मामाजी, म्हणजे माझे सासरे, खांद शेकायला (बैलांच्या खांद्याला हळद-तूप लावायला) कोठ्यात गेले. हातात पळसाचं पान, त्यावर हळद आणि तूप. हिऱ्या आडवा उभा होता. "हो बाजूले, बाप्पा," म्हणत मामाजींनी सवयीने त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि थोडं मागे लोटलं. त्याने तोच खेळ खेळला. फरक एवढाच की आता तो तीन वर्षांचा होता आणि मामाजींच्या मागे भिंत होती. तीन बरगड्या मोडल्या. हळदीचं पान गव्हाणीत पडलेलं मी दुसऱ्या दिवशी सकाळी उचललं.

त्याच दिवाळीला हिऱ्याला चिमटा लावला. महिना-दोन महिन्यांत डुरकणं थांबलं, माती उकरणं थांबलं, गायी पाहून दावं तोडणं थांबलं. पण कपाळाला हात लागला की तो आजही ढकलतो. मस्ती अंडाची होती, ती गेली. ढकलणं आम्ही शिकवलं होतं, ते राहिलं. म्हणून "कधी बडवू" असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, तो बाटलीवर वाढला का? त्याच्याशी कपाळ लावून कोण खेळतं? माणसाच्या हातून वाढलेला एकटा गोऱ्हा माणसालाच आपल्या कळपातला समजतो आणि वयात आल्यावर ताकदही माणसावरच आजमावतो. त्याचं सहा महिने आधी करा. मान थोडी कमी भरली तरी चालेल.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. आपल्याकडे गावातला सगळ्यात देखणा गोऱ्हा औतासाठी बडवला जातो, आणि मरतुकडा, खांदा नसलेला मोकाट फिरतो. मग गायी कुणाकडून भरतात? त्याच्याकडूनच. अशानेच गवळाऊ आटत चालली. तुमचा गोऱ्हा अंगाने अस्सल असेल, आई दुधाला चांगली असेल आणि स्वभाव थंड असेल, तर बडवण्याआधी दवाखान्यात दाखवा, गवळ्यांना विचारा, कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला गवळाऊचं सरकारी प्रक्षेत्र आहे, तिथेही चौकशी करा. एकदा चिमटा लागला की मागे फिरता येत नाही.

आता प्रत्यक्ष करण्याबद्दल. माझ्या माहेरी गोऱ्ह्याला पाडून, शीर दोन काठ्यांत धरून ठेचायचे. तो आवाज मी विसरले नाही. कुणी अजून तसं करत असेल तर करू देऊ नका. 2023 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे हे काम नोंदणीकृत पशुवैद्यकानेच, भूल देऊन करायचं आहे. बर्डिझो चिमट्याने कातडी फाटत नाही, आतली शीर तेवढी चेपली जाते आणि रक्त न मिळाल्याने अंड हळूहळू सुकतं. दोन्ही बाजू वेगवेगळ्या चेपतात, तीही थोडी वरखाली, म्हणजे पिशवीच्या कातडीचा रक्तपुरवठा मधून चालू राहतो. पुढचे काही दिवस सूज असतेच. कोरड्या जागी बांधा, रोज थोडं चालवा, तीन आठवडे जुंपू नका. दीड महिना गायींजवळ सोडू नका, आधीचं बीज शिल्लक असतं.

आणि दीड महिन्याने हात लावून बघाच. आमचा एक गोऱ्हा एका बाजूने राहिला होता, शीर चिमट्यातून निसटलेली. आम्ही बैल म्हणून जुंपला आणि तो शेजारच्या गायीमागे बंडीसकट गेला. डावं अंड भरलेलंच होतं. पुन्हा करावं लागलं, त्याला दुसऱ्यांदा दुखणं सोसावं लागलं. मी हात लावून पाहिलं असतं तर आधीच कळलं असतं.

त्या खालच्या गावच्या भावाला मी सांगितलं, तुझा गोऱ्हा कळपात वाढलाय, पण लेकरांवर येतोय, तर हीच दिवाळी धर. तोवर लेकरांना कोठ्यात एकटं पाठवू नको, आणि नाकात वेसण घालून घे.

आमच्याकडे सध्या सात महिन्यांचा एक आहे, आईच्या दुधावर वाढलेला. पुतण्या आता मोठा झाला. तो त्याच्या बाजूला उभा राहून गळ्याखालची पोळी खाजवतो, गोऱ्हा मान लांबवून डोळे मिटतो. कपाळाला घरात कुणी हात लावत नाही.