नैसर्गिक पांढऱ्या वाइनची वही : सातवी ते दहावी बाटली

मागची नोंद लिहिली तेव्हा सहा बाटल्या झाल्या होत्या आणि माझं मत पक्कं झालं होतं: नैसर्गिक पांढरी वाइन म्हणजे गढूळ, आंबट, कापून ठेवलेल्या सफरचंदासारखी. चार बाटल्यांनंतर ते मत मागे घेते.

मधल्या काळात नोंदीची पद्धतही बदलली. आता एका बाटलीच्या तीन नोंदी होतात, तीन रात्रींच्या. बूच परत लावून बाटली फ्रिजच्या दारात. घरात पिणारे दोघेच, मी आणि नवरा, तेही वाटीभर. तेव्हा बाटली आपोआपच तीन रात्री चालते. पद्धत गरजेतून आली, शास्त्र मागाहून सापडलं.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: 'नैसर्गिक' या शब्दाला सगळीकडे चालणारी कायदेशीर व्याख्या नाही. फ्रान्समध्ये २०२० साली 'व्हाँ मेतोद नात्युर' ही खूण मान्य झाली. द्राक्षं सेंद्रिय आणि हाताने खुडलेली, यीस्ट बाहेरचं नाही, आणि सल्फाइट (वाइन टिकावी म्हणून घालतात ते द्रव्य) घातलंच तर एकूण लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत. युरोपात नेहमीच्या कोरड्या पांढऱ्या वाइनला २०० पर्यंत मुभा आहे. पांढरीत हे जास्त अवघड, कारण लाल वाइन सालीसकट आंबते आणि सालीतलं तुरट द्रव्य तिला हवेपासून सांभाळतं. पांढरीचा रस आधीच पिळून वेगळा काढलेला. साल गेली, सल्फाइटही नाही, मग सांभाळणार कोण? त्यात आपलं इंदूर. एप्रिल-मेमध्ये चाळिशीपार जाणाऱ्या गावात असली बाटली कपाटात ठेवणं म्हणजे दूध ओट्यावर विसरणं. म्हणून माझा हंगाम दिवाळी ते होळी. माल येतो भाच्याच्या बॅगेतून. परदेशातून येणाऱ्याला दोन लिटर करमाफ, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या. त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या मिळून या चार. भाचेसून आली तेव्हापासून छंद दुप्पट झालाय.

सातवी, जॉर्जियाची, र्‍काट्सिटेली द्राक्षाची. ही क्वेव्रीतली, म्हणजे जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या मातीच्या रांजणातली. रांजणाला आतून मधमाशीच्या मेणाचा हात दिलेला असतो. रस, साली, बिया, काही ठिकाणी देठसुद्धा, सगळं एकत्र घालून काही महिने झाकून ठेवतात. या पद्धतीला २०१३ साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. रंग पांढरा नाहीच, कोऱ्या चहाचा. पहिल्या रात्री फ्रिजमधून काढून लगेच ओतली आणि जीभ आवळून आली, कच्चा चिकू खाल्ल्यासारखी. वहीत लिहिलं, 'कडक. शिक्षा.' चूक माझी होती. गार असताना तुरटपणा वर येतो आणि वास दबून राहतो. दुसऱ्या रात्री अर्धा तास आधी बाहेर काढली, तेव्हा जर्दाळू आणि अक्रोडाची साल लागली. तिसऱ्या रात्री नवरा सराफ्यातून, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारातून, गराडू घेऊन आला: तळलेला कंद, गरम, वर जीरावन मसाला आणि लिंबू. एक घास, एक घोट. तळणीचं तेल त्या तुरटपणाने असं धुऊन निघालं की दोघंही बोलायचे थांबलो. युरोपातली मंडळी या तुरटपणाचं वर्णन करताना फार शब्द खर्च करतात. आपल्याकडे आवळा चोखणाऱ्या पोरालाही तो कळतो.

आठवी, फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली, शेनाँ द्राक्षाची. नाशिकची शेनाँ ब्लाँ आपल्याला ओळखीची, म्हणून तिचीही एक बाटली इथूनच आणून शेजारी ठेवली. नाशिकची स्वच्छ, फळाळ, शेवटी किंचित गोड. लुआरची उघडली आणि स्वयंपाकघरात उकडलेल्या अंड्याचा वास. आधी ओढलेली आगकाडी, मग अंडं. मागच्या वर्षी असती तर सिंकमध्ये गेली असती. हा हायड्रोजन सल्फाइडचा वास. आंबताना यीस्टला नायट्रोजन कमी पडला की ते हा वायू सोडतं, आणि तांबं त्याला धरून ठेवतं. मी देवघरातल्या पळीकडे पाहिलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "विचारही करू नकोस." शेवटी त्यांनीच त्यांच्या डब्यातून नंदीची छाप असलेला होळकरी तांब्याचा पैसा काढून दिला. चिंचेने लखलखीत घासला, एका ग्लासात सोडला, दुसरा ग्लास तसाच ठेवला. दहा मिनिटांनी पैशाच्या ग्लासातलं अंडं गेलेलं, दुसऱ्यात तसंच. (पैसा ग्लासात ठेवून विसरायचा नाही, काढून घ्यायचा.) गंमत पुढेच आहे. दुसऱ्या रात्री बाटलीतल्या उरलेल्या वाइनचा वासही नुसत्या हवेने गेला होता. खालून निघालं नाशपाती, मध आणि पावसात भिजलेली घोंगडी. घोंगडी ही शेनाँची जुनी खूण. नाशिकच्या बाटलीत ती मला एकदाही सापडलेली नाही.

नववीबद्दल कमी बोलते. पेत-नात होती, म्हणजे पहिलं आंबणं पुरतं संपायच्या आत बाटलीत भरलेली, म्हणून बुडबुडे. उघडायच्या आधी चांगली गार करायची आणि उभी ठेवायची. मी ओट्यावर आडवी ठेवली होती. अर्धी छताला गेली. उरलेली छान होती, लिंबाच्या सालीसारखी. भुट्ट्याच्या किसाबरोबर संपली, तीन रात्रींचा प्रश्नच आला नाही.

दहावीने मात्र माझा सगळा हिशोब बिघडवला. पहिल्या रात्री या वर्षातली सर्वांत सुंदर: हिरवं सफरचंद, ताकाच्या निवळीसारखा मऊ आंबटपणा. दहापैकी साडेआठ. दुसऱ्या रात्री नवऱ्याने घोट घेतला, गिळला, आणि पाचेक सेकंदांनी तोंड वाकडं केलं. "उंदीर."

मला काहीच लागलं नाही. आणखी एक घोट, तरी नाही. "तू नाटक करून राहिलायस." तेव्हा तो म्हणाला, मनगटावर चोळ. चोळलं, हुंगलं, काही नाही. मग हात सासूबाईंपुढे धरला. त्या कधी चाखत नाहीत, पण घरातलं नाक त्यांचं. त्यांनी डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर तांदळाच्या जुन्या कोठीसारखं. बासमतीची कोठी, उंदीर फिरलेली."

यातला बासमती शब्द ऐकून मी उडालेच. या दोषाला वाइनवाले उंदराचाच वास म्हणतात आणि तो सल्फाइट कमी असलेल्या वाइनमध्ये जास्त दिसतो. जी द्रव्यं तो आणतात त्यांतलं एक, २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलीन, हेच बासमतीचा आणि आपल्या आंबेमोहोराचाही सुवास. वाइन आंबट असते तोवर ते वर येत नाही, म्हणून ग्लास हुंगून पत्ता लागत नाही. तोंडात लाळेने आंबटपणा उतरला की मग ते उठतं, तेही गिळून झाल्यावर. कातडीवर चोळल्याने तेच होतं. आणि काही माणसांना ते मुळीच कळत नाही. म्हणजे मी.

आता वहीत दहावीसमोर दोन रकाने आहेत. माझे साडेआठ, साडेआठ, आठ. नवऱ्याचे आठ, शून्य, आणि तिसऱ्या रात्री 'ग्लास घेतला नाही'. पुढच्या हंगामापासून प्रत्येक बाटली दुसऱ्या रात्री आधी सासूबाईंच्या नाकाखालून जाईल. त्यांनी अट घातली आहे की होळकरी पैसा डब्यात परत जाईल.

दहावीची उरलेली वाइन मी एकटीने संपवली. फार छान होती.