पासपोर्ट कुणाच्या हाती देऊ नका

क्राको, पोलंड, मार्च 2022

24 फेब्रुवारीला रशियानं युक्रेनवर हल्ला केला, तेव्हापासून माझ्या फेसबुकवर एकच गोष्ट सारखी फिरतेय. कधी युक्रेनियनमध्ये, कधी रशियनमध्ये, कधी पोलिशमध्ये. पासपोर्ट कुणाच्या हाती देऊ नका. गाडीत बसण्याआधी नंबर प्लेटचा फोटो काढून घरच्यांना पाठवा. महत्त्वाचे नंबर कागदावरही लिहून ठेवा. मानवी तस्करीविरुद्ध काम करणाऱ्या ला स्त्रादासारख्या संस्थांचा हा धडाका आहे. हल्ल्यानंतर 18 ते 60 वयाच्या पुरुषांना युक्रेन सोडायला बंदी आली, म्हणून येणाऱ्या बहुतेक बायका आणि मुलंच. वीस लाखांवर माणसं पोलंडमध्ये आली आहेत. दलालांना आणखी काय हवं?

मला भावतो तो या पोस्टचा कोरडेपणा. साखळदंडातले हात नाहीत, रडणारी मुलगी नाही. घरी बसून हळहळणाऱ्याशी त्या बोलतच नाहीत. बोलतात ते सीमेवर उभ्या असलेल्या बाईशी, तिच्या भाषेत. इकडे आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर युक्रेनमध्ये अडकलेल्या भारतीय विद्यार्थिनींचे फोटो, फोन नंबर, पासपोर्टच्या प्रती बिनदिक्कत फिरत होत्या. हेतू चांगलाच होता हो. पण तो नंबर शेवटी कुणाच्या हाती लागला, कुणाला ठाऊक?

आता लगेच ‘युरोप बघा आणि आपण बघा’ सुरू करू नका. सुरुवातीला इथेही पुठ्ठ्यावर शहराचं नाव लिहून कुणीही उभं राहायचं आणि कुणालाही घेऊन जायचं. चालकांची नोंदणी नंतर आली. शिवाय आश्रय देणं आपल्याला कुणी शिकवायला नको. 1943 ते 1948 कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली, त्यातही बायका-मुलंच जास्त. इथल्या म्हाताऱ्या माणसांना मी कोल्हापूरचा म्हटलं की चेहरा उजळतो.

मीही निर्वासितांना न्यायला गाडी घेऊन गेलो. स्टेशनवर माझं ओळखपत्र मागितलं, गाडीचा फोटो काढला, तेव्हा मात्र रागच आला. रंगामुळेच, असं वाटलं. मागच्या पोलिश आजोबांनाही तेच विचारलं, मग जरा शांत झालो. जरा.

एक खटकतं ते खटकतंच. या पोस्टमध्ये सगळी खबरदारी त्या बाईनंच घ्यायची. कडेवर मूल, फोनची बॅटरी संपलेली, दोन रात्रींची झोप नाही, आणि तिनं परक्या माणसाला म्हणायचं, आधी ओळखपत्र दाखवा. घर, काम देऊ करणाऱ्यांना तंबी देणारी एखादी पोस्ट माझ्यापर्यंत तरी आलेली नाही. आमच्या ऑफिसात चौघांनी आपली घरं उघडली आहेत. तशी पोस्ट त्यांनीही वाचली असती.