लेखा विभागातून प्रशिक्षणाकडे: माझा अनुभव

लेखा विभागातल्या कामाचा मला कंटाळा आला होता असं नाही. हिशेब जुळला की समाधान मिळायचं, पगार वेळेवर व्हायचा, बढतीही मिळत होती. पण नवीन रुजू झालेल्यांना काम समजावून सांगताना जो आनंद व्हायचा, तो ताळेबंदात कधी झाला नाही. प्रशिक्षणाचं साहित्य तयार करणं हे पूर्णवेळ काम असतं, त्यावर लोकांचं घर चालतं, हे कळल्यापासून मन तिकडेच ओढ घेऊ लागलं. मग मोठी झालेली माणसं आपापल्या कामापर्यंत पोहोचली कशी, हे शोधायला मी चरित्रं वाचायला घेतली.

सुरुवातीला जे हाती लागलं त्याने उभारी आली, पण पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते काही कळेना. कुणीतरी धाडस केलं आणि मागे वळून पाहिलं नाही, एवढंच सगळीकडे. म्हणून मी वहीत रकाने आखले. जुनं काम कधी धरलं, नव्याला हात कधी घातला, जुनं कधी सुटलं, आणि मधल्या काळात पोट कशावर चाललं. सनावळी मांडत गेले तसं लक्षात आलं की धाडसाच्या मागे बरीच वर्षं उभी असतात.

सी. व्ही. रामन यांचं पान मी सगळ्यात जास्त वेळा उघडलं, कारण ते माझ्याच क्षेत्रातले होते. १९०७ मध्ये ते सरकारी अर्थखात्यात रुजू झाले आणि कलकत्त्याला सहायक महालेखापाल झाले. तिथल्या 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' या संस्थेच्या प्रयोगशाळेत ते ऑफिसच्या आधी आणि ऑफिस सुटल्यावर काम करत. मधे रंगून आणि नागपूरला बदल्या झाल्या, तरी संशोधन सुटलं नाही. कलकत्ता विद्यापीठातलं भौतिकशास्त्राचं पालित प्राध्यापकपद त्यांनी घेतलं ते १९१७ मध्ये, आणि तेही बऱ्याच कमी पगारावर. म्हणजे नोकरी आणि प्रयोगशाळा अशी दहा वर्षं शेजारी शेजारी चालली होती. १९३० चं नोबेल आपल्या सगळ्यांना पाठ असतं. मला धीर दिला तो त्या दहा वर्षांनी.

मायकेल फॅरडेकडून मी वेगळी गोष्ट उचलली. तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत होता. तिथल्या एका ग्राहकाने त्याला प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरडेने त्या व्याख्यानांची टिपणं सविस्तर लिहून काढली, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हाताने ती बांधली आणि डेव्हीला पाठवली. लगेच जागा नव्हती. १८१३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत सहायकाची जागा रिकामी झाली तेव्हा डेव्हीला तो आठवला. मला यात सर्वात मोलाचं वाटतं ते असं की त्याने डेव्हीच्या हातात आपलं काम ठेवलं, आणि त्यात त्याचा जुना हुन्नरही होता. मीही तेच केलं. नव्या माणसांना बँक ताळमेळ, म्हणजे बँकेचा हिशेब आणि आपल्या वहीतला हिशेब जुळवणं, शिकवताना मी जे तोंडी सांगायचे ते छोट्या धड्यांत उतरवलं, सरावासाठी खोट्या नोंदींचं एक खातं बनवलं, आणि साहेबांच्या परवानगीने पुढच्या तुकडीला ते वापरायला दिलं.

त्याच काळात मी प्रशिक्षण क्षेत्रातल्या लोकांना भेटत होते. 'हे काम कसं वाटतं?' असं विचारलं की सगळे छान बोलतात. त्याऐवजी 'मागच्या आठवड्यात रोज काय काय केलंत?' असं विचारू लागले, तेव्हा खरं चित्र कळलं. लिहिण्याचा वेळ थोडा. विषयतज्ज्ञांच्या मागे लागून माहिती काढणं, तेच पान पुन्हा पुन्हा दुरुस्त करणं, शिकणारा नेमका कुठे अडखळतो हे शेजारी बसून पाहणं, यातच दिवस जातो. हे ऐकूनही माझी ओढ कमी झाली नाही, उलट वाढली. मला वाटतं, क्षेत्र निवडताना विचारण्यासारखा याहून चांगला प्रश्न नाही, कारण रोज सकाळी उठून पदाचं नाव करायचं नसतं, ते काम करायचं असतं.

घरच्यांचा प्रश्न मात्र अवघड होता. तिथे चार्ल्स डार्विन कामी आला. वैद्यकीचं शिक्षण त्याने सोडलं होतं, पुढे धर्मगुरू व्हायचं ठरलं होतं, आणि १८३१ च्या ऑगस्टमध्ये जगसफरीवर निघणाऱ्या 'बीगल' जहाजाचं निमंत्रण आलं. वडिलांचा विरोध होता. पण समजूतदार माणसाने सल्ला दिला तर परवानगी देईन, अशी फटही त्यांनी ठेवली होती. डार्विनने वडिलांचे आठ आक्षेप कागदावर उतरवले आणि आपल्या मामाला, जोसाया वेजवुडला दाखवले: बेत अविचारी आहे, पुन्हा व्यवसाय बदलल्यासारखं होईल, हा कधी स्थिर व्हायचा नाही, उपक्रम निरुपयोगी आहे, वगैरे. मामाने एकेका मुद्द्याला उत्तर लिहिलं. शेवटच्या मुद्द्यावर तर त्याने मान्यच केलं की व्यवसायाच्या दृष्टीने उपयोग नाही, पण चौकस माणसाला जग पाहायची अशी संधी फार थोड्यांना मिळते. वडील तयार झाले.

मी बाबांचे आक्षेप त्यांच्याच शब्दांत लिहून घेतले. त्यांना ते वाचून दाखवले तेव्हा त्यांनी आणखी दोन आक्षेपांची भर घातली, आणि ते दोन्ही रास्त होते: पगार घटला तर किती दिवस चालेल, आणि नाही जमलं तर परतीची सोय काय. त्यामुळे आधी गंगाजळी साठवली. मारी क्यूरीने तर पॅरिसला जाण्याआधी काही वर्षं शिकवण्या केल्या, बहिणीच्या वैद्यकीय शिक्षणाला हातभार लावला, आणि मग बहिणीच्या आधाराने १८९१ मध्ये ती स्वतः गेली. पैशाची व्यवस्था हा त्या चरित्राचा गाभाच आहे, पण सांगताना तोच गाळला जातो.

एक गोष्ट मी सतत मनाशी ठेवली. ज्यांनी हेच सगळं केलं आणि ज्यांना जमलं नाही, त्यांची चरित्रं कुणी लिहिलेली नाहीत. म्हणून फॅरडेने केलं तसं केलं की यश मिळतंच, असं मी धरलं नाही. प्रत्येक पाऊल चुकलं तरी सावरता येईल एवढंच ठेवलं.

पुढे आमच्याच कंपनीत प्रशिक्षण विभागाला माणूस हवा होता. आधी अर्धा वेळ इकडे, अर्धा वेळ तिकडे असं ठरलं, नंतर पूर्ण बदली झाली. मुलाखतीत माझे धडे समोर होते, त्यामुळे अनुभवाबद्दल फार विचारणा झाली नाही. मूळ पगार थोडा उतरला. निवड होण्याचं कारण विचारलं तेव्हा प्रशिक्षण विभागाच्या साहेब म्हणाल्या, 'लिहिणारे आमच्याकडे आहेत, जमा-खर्च कळणारं कुणी नव्हतं.' सध्या मी लेखापरीक्षणाच्या तयारीवर नवा अभ्यासक्रम करते आहे.