घुंगम आणि त्याचा मामा

आमच्या इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत घुंगम राहतो. सकाळी पावणेआठच्या सुमारास नळाची धार बारीक होते, तेव्हा तो उठून चूळ भरत असतो. सव्वाआठला वॉचमन व्हॉल्व्ह बंद करतो आणि नळ फुसफुसतो, तो घुंगमचा ढेकर. ही माहिती आमच्या लेकीने मला ११ जुलैला सकाळी, तोंडात ब्रश असताना दिली. तेव्हा ती चार वर्षं दोन महिन्यांची होती. तारीख मी आठवून सांगत नाहीये. वहीत लिहिलेली आहे.

घरात आम्ही तिला चिमी म्हणतो. आम्ही लालबागला राहतो, जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत, नवव्या मजल्यावर. मी फोर्टातल्या एका कोर्टात स्टेनो आहे. मराठी शॉर्टहँडची, म्हणजे लघुलेखनाची, मिनिटाला १२० शब्दांची परीक्षा पास झाले तेव्हा वाटलं होतं, आता दुसऱ्यांचं बोलणं लिहिण्यातच आयुष्य जाणार. तसंच झालं, आणि त्याचा मला आनंद आहे. कारण माणूस बोलतो तसंच्या तसं कागदावर उतरवण्याची जी सवय हाताला लागली, ती चिमीच्या कामी आली.

तिचं बोलणं टिपायची सुरुवात तिच्या बाबाने केली होती, फोनवर व्हिडिओ काढून. तो लोअर परळला एका छापखान्यात आहे, पाळीची नोकरी. त्यामुळे त्याच्या माघारी घरात काय झालं याची त्याला फार ओढ. पण फोन वर केला की चिमी बदलते. पाठ ताठ करते, हात हलवते आणि म्हणते, “हाय गाईज.” दोन मिनिटांपूर्वी पलंगावर झोपलेल्या आजीकडे बोट दाखवून तीच मुलगी लोकलमधल्या बाईंच्या आवाजात म्हणाली होती, “पुढील स्टेशन, आजी. आजी आणि भिंतीमधल्या अंतरावर लक्ष द्या.” फोन काढेपर्यंत गाडी सुटलेली असते. पेन्सिलीकडे मात्र मुलं बघत नाहीत. आई काहीतरी लिहितेय, वाण्याची यादी असेल, एवढंच त्यांच्या लेखी.

म्हणून मी विजेच्या बिलाच्या पाठीवर, डब्याला पोळ्या लाटता लाटता, घुंगमची पहिली हकिकत शॉर्टहँडमध्ये घेतली. रात्री वहीत उतरवली आणि झोपताना तिला वाचून दाखवली. तिथे माझी चूक झाली, आणि ती सांगायलाच हवी.

शॉर्टहँडला वेग येतो तो स्वर गाळल्यामुळे. कागदावर काढायचे ते व्यंजनांचे स्ट्रोक. स्वरांचे ठिपके आणि बारीक रेघा बाजूला द्यायच्या असतात, पण साहेब भरभर डिक्टेशन देत असले की त्याला सवड नसते. म आणि ळ एवढंच उतरतं. टाइप करताना ती माळ आहे, मूळ आहे, मेळ आहे की मळा, हे मागच्यापुढच्या वाक्यावरून लागतं. भाषा आपल्याला आधीपासून माहीत असते म्हणून हे जमतं. चार वर्षांच्या पोरीने त्या सकाळी घडवलेल्या शब्दाला मागचंपुढचं कुठलं? मी वाचलं, “टाकीत घोंगम राहतो.”

“घोंगम नाही गं आई. घुंगम.”

“बरं. घुंगम.”

ती छताकडे बघत पडून राहिली. मला वाटलं झोपली.

“घोंगम त्याचा मामा आहे,” ती म्हणाली. “तो भायखळ्याला असतो. त्याच्या टाकीत पेंग्विन आहेत.”

मे महिन्यात आम्ही तिला भायखळ्याच्या राणीच्या बागेत, प्राणी बघायला नेलं होतं. ते हम्बोल्ट पेंग्विन २०१६ साली सेऊलहून आणलेले, मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, हे तिच्या बाबाने काचेपाशी उभं राहून तिला समजावून सांगितलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “यांची आई ए.सी. बंद करत नाही?” दोन महिने मनात ठेवलेली ती काचेची टाकी तिने माझ्या एका चुकलेल्या स्वराला मामा म्हणून देऊन टाकली. मी त्या रात्री कितीतरी वेळ जागी होते. त्या दिवसापासून तिचा अनोळखी शब्द आला की मी हातातलं लाटणं बाजूला ठेवते आणि स्वर जागच्या जागी देते.

कोर्टातल्या आणखी दोन गोष्टी मी घरी आणल्या. एक, सूचक प्रश्न विचारायचा नाही. स्वतःच्या साक्षीदाराला वकिलाने प्रश्नातच उत्तर भरवलं की समोरचा वकील लगेच उभा राहतो, आणि बरोबरच आहे ते. सुरुवातीला मीही चिमीला विचारायची, “घुंगमला शेपूट आहे का?” ती म्हणायची, “हो.” “तो उडतो का?” “हो.” आईला हवंय ना, मग हो. ती दोन पानं मी नंतर वाचली तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यात चिमी नाहीच, सगळी मीच आहे. मी त्यांच्यावर काट मारली. आता मी फक्त “मग?” विचारते. फार तर “कुठे?” लहान मुलांची साक्ष कायद्यालाही चालते. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ११८ व्या कलमात वयाची अट नव्हती. प्रश्न कळला आणि सुसंगत उत्तर देता आलं की झालं. हे कलम मी नोकरीत कितीदा टाइप केलं असेल, पण त्याचा अर्थ मला आमच्या ओट्यापाशी कळला.

दुसरी गोष्ट म्हणजे वाचून दाखवणं. साक्ष लिहून झाली की ती साक्षीदाराला वाचून दाखवतात आणि खाली तसं नमूद करतात. आमच्याकडे रोज रात्री तेच. वाचून दाखवलं, बरोबर आहे. ती चूक काढते, मी दुरुस्त करते, तिच्यासमोर. तिचं पान आहे ते.

ऑगस्टमधलं हे पान तर मी कितीदा वाचलंय. बाबाची दुपारपाळी, सकाळी पेपर वाचत होता. तलाव भरल्याची बातमी होती. मुंबईला सात तलावांतून पाणी येतं, हे सांगत त्याने पेपरच्या कडेला सात गोल काढले आणि नावं घेतली: अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर, तानसा, भातसा, विहार, तुळशी.

चिमी: हे सगळे घुंगमचे?
बाबा: नाही, आपल्या सगळ्यांचे.
चिमी: घुंगम आपल्यातलाच आहे ना.
बाबा: हो, आहे.
चिमी: हा एवढुस्सा का?
बाबा: तो तुळशी. सगळ्यात छोटा तलाव.
चिमी: (हसते) तुळशीला तर आपण पाणी घालतो.
बाबा: हो.
चिमी: रोज घालतो. मग ती साठवते. मग ती आपल्याला परत देते.

खिडकीतल्या कुंडीतल्या तुळशीला आजी रोज आंघोळ झाल्यावर तांब्याने पाणी घालते. चिमी तिचं बोट धरून उभी असते. त्या दिवशी दोघी पाणी घालायला गेल्या तेव्हा चिमीने आजीला सांगितलं, “जास्त घाल, मुंबईला लागतं.” आजीने आणखी एक तांब्या घातला.

सगळंच काही असं मोठं नसतं. मसाला गल्लीतून जाताना मिरच्या भाजल्याचा ठसका लागला की “रस्त्याला सर्दी झालीये.” वरणावरचा तुपाचा ठिपका म्हणजे “वरणाची टिकली.” हे मी एकेका ओळीत लिहिते आणि पुढे जाते.

तिचे शब्द मात्र मी सुधारत नाही. “मी करलं”, “मी शाळेत जाली होती”, “फुगा मरला”. शेजारच्या काकू म्हणतात, आत्ताच सुधारा, नाहीतर तसंच राहील. राहत नाही हो. बस, बसला, पळ, पळला, मग कर, करला. तिने मराठीचा नियम स्वतःच्या कानांनी शोधून काढलाय, तोही कुणी न शिकवता. केलं, गेलं, मेलं हे आपण मोठ्यांनी वाकडं करून ठेवलेलं आहे, आणि तेही ती आपोआप उचलणार. उचललंच. वहीत “करलं” शेवटचं २२ सप्टेंबरला आहे: “आई, बघ, मी बटण एकटीने करलं.” त्यानंतर कुठेच नाही. तो शेवटचा दिवस आहे हे त्या दिवशी मला माहीत नव्हतं. लिहिलं म्हणून सापडलं.

आता मधली एक गोष्ट, जी मला अजून लागून राहिली आहे.

एकदा बाबाला घुंगम फोनवर मिळाला. चिमी स्टुलावर चढून मोरीतल्या नळाला तोंड लावून बोलत होती, “तू जेवलास? मी पण नाही.” तिची पाठ होती, त्यामुळे तिला कळलं नाही. व्हिडिओ इतका गोड होता की त्याने तो घरच्यांच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो पुढे कुठे कुठे गेला. गणपतीत दुसऱ्या दिवशी आम्ही एका नातेवाइकांकडे दर्शनाला गेलो. दारातच सुरू झालं, “अगं चिमी, तुझा घुंगम कुठेय? दाखव ना!” कोणीतरी बेसिनचा नळ सोडून ढेकर काढून दाखवला. सगळे हसले. प्रेमानेच हसले, त्यांच्या मनात काही नव्हतं हे मला माहीत आहे. चिमी माझ्या साडीच्या मागे गेली आणि निऱ्या मुठीत धरून उभी राहिली. मोदक खाल्ला नाही.

घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाली, “घुंगम गावी गेला.”

दुसऱ्या दिवशी सव्वाआठला नळ फुसफुसला. ती दूध पीत होती. तिने मान वर केली नाही.

नऊ दिवस वहीत काही नाही. म्हणजे मी तारखा टाकल्या आहेत, त्यांच्यापुढे कोरं आहे. तिच्या बाबाने ग्रुपवर लिहिलं की चिमीला हे आवडलेलं नाही, कृपया व्हिडिओ कोणी पुढे पाठवू नका, असेल तर काढून टाका. मग तिच्याजवळ बसून म्हणाला, “मी तुला न विचारता दाखवलं. पुन्हा नाही दाखवणार.” ती “हं” म्हणाली. मूल जिथे हसत नसतं तिथे आपण हसतो, तेव्हा त्याच्या हातातलं काहीतरी आपण काढून घेतो. हे मी कोणाला दुखावण्यासाठी लिहीत नाही, पण मला हे फार मनापासून वाटतं. तिच्यासाठी घुंगम गंमत नव्हता. रोज सकाळी त्याची विचारपूस करायची असायची.

अनंत चतुर्दशीला लालबागमध्ये कोण झोपतं? सकाळपासून ढोल, गुलाल, वरून फुलं, आणि दिवस मावळला तरी एकामागून एक गणपती चौपाटीच्या दिशेने चाललेले. रात्री अकराला आम्ही चौघं खिडकीत होतो. चिमी बाबाच्या खांद्यावर. खाली एक मोठी मूर्ती आली, वीस-पंचवीस मिनिटं तिथेच थांबली. गर्दी हलेना.

“आता हा पाण्यात जाणार?” तिने विचारलं.

“हो.”

“तिथे पाण्यात त्याला कोण असतं?”

माझ्या तोंडावर आलं होतं. घुंगम असेल का? मी ते गिळलं. म्हटलं, “कोण असतं?”

ती बराच वेळ खाली बघत राहिली. ढोल थांबले, परत सुरू झाले.

“घुंगम गावी नव्हता गेला,” ती म्हणाली. “चौपाटीला गेला होता. जागा धरायला.”

माझ्याकडे तेव्हा कागद नव्हता. खिडकीच्या कठड्यावर आजीचा पंचांगाचा कागद होता, त्याच्यावर घेतलं. अंधारात, पण सगळे स्वर देऊन. झोपायला दोन वाजले आणि अंथरुणावर आडवं झाल्यावर तिने स्वतः उशाखालून वही ओढून माझ्या हातात दिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

ही पोस्ट लिहायच्या आधी मी तिला विचारलं. आता ती पाच वर्षांची आहे, मोठ्या शिशूत जाते. म्हटलं, घुंगमबद्दल लिहू का, जे लोक आपल्याला ओळखत नाहीत तेही वाचतील, हसतीलही. नाव तुझं खरं नाही लिहिणार, फोटो नाही टाकणार. तिने आधी सगळं वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. मामाच्या ठिकाणी ती हसली, गणपतीच्या दर्शनाच्या ठिकाणी तिने माझा अंगठा धरला, आणि संपल्यावर म्हणाली,

“बरोबर आहे. पण तो जाडा नाहीये, ते लिही. पाणी पितो ना, म्हणून पोट दिसतं.”