सव्वापाचची गाडी

2023 चा जून. शाळा उघडून तिसरा दिवस. पावणेसहाच्या सुमारास आमच्या एसटी स्टँडच्या कंट्रोल केबिनच्या खिडकीशी पस्तीस-चाळीस पोरंपोरी गोळा झाली. सव्वापाचची गाडी गेलेली, आणि यांची शाळा सुटली साडेपाचला. गेल्या वर्षीपर्यंत पाचला सुटायची. शाळेने वेळ बदलली ती पालकांना कळवली, फलकावर लावली. एसटीला कळलं ते पोरं स्टँडवर रडवेली झाल्यावर. त्या दिवशी त्यांना सहाच्या मुक्कामी गाडीत कोंबलं आणि फाट्यावर उतरवलं. पुढचे अडीच किलोमीटर चिखलातून पायी.

दुसऱ्या दिवशी सरपंच हजर. "साहेब, नुसता अर्धा तास तर पुढं ढकलायचीय."

नुसता अर्धा तास! मी पेन्सिल घेतली आणि नियताचा, म्हणजे गाडी-माणसांच्या दिवसभराच्या फेऱ्यांचा, कागद त्यांच्यासमोर पसरला. सव्वापाचला निघाली की अठरा किलोमीटर घाटरस्त्याला पाऊण तास. वर दहा मिनिटं थांबून परत यायला पाच कमी सात. मग डिझेल, कॅश भरणं, साडेसातला ड्रायव्हर-कंडक्टर मोकळे. हे दोघे हजर झालेले सकाळी साडेसातला. तेव्हा लागू असलेल्या 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात काम आठ तासांचं, आणि हजेरीपासून सुटीपर्यंतचा सगळा पसारा बारा तासांत बसवायचा. त्याला आम्ही स्प्रेड ओव्हर म्हणतो. गाडी पावणेसहाला काढली की दोघे सुटणार आठला, म्हणजे अर्धा तास हद्दीबाहेर. शिवाय परतीला याच गाडीतून येऊन पुण्याला जाणारे सव्वासातची स्वारगेट पकडायचे, तीही चुकणार. ती गाडी दुसऱ्या विभागाची, आपल्यासाठी थांबणार नाही.

सरपंचांनी चहा संपवला. "मग काय करायचं?"

फेरी बंद करा, असंही कुणी म्हणू शकलं असतं, कारण रोकड बघितली तर ती कायम तोट्यातच. मुलींना बारावीपर्यंत पास मोफत, मुलांना एक तृतीयांश भाड्यात. दारापर्यंत पोरं उभी असली तरी मशीनमधून तिकिटं निघणार पंधरा-वीस. त्यात मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट. नुसती पिशवी बघून गाडी रिकामी ठरवणाऱ्यांना मी संध्याकाळी स्टँडवर उभं करायला तयार होतो.

चार दिवस कागद खोडत बसलो. सकाळी दहाला हजर होणारी एक जोडी होती. त्यांच्याकडे पावणेपाचची वाडीची छोटी फेरी होती. ती रद्द केली, आणि पावणेसहाची गाडी त्यांच्याकडे देऊन ती वाडीवरून नेली. दहा मिनिटं जास्त जातात, पण कायद्यात बसते. पहिल्या जोडीला बाजारपेठेच्या दोन जवळच्या फेऱ्या दिल्या. राहिली स्वारगेट. कंडक्टरला विचारलं, रोज कितीजण बदलतात? म्हणाला, "एखाद-दुसरा. गर्दी फक्त रविवारी, सोमवारच्या ड्युटीला जाणारी पोरं." रविवारी शाळा नसतेच! मग रविवारची गाडी सव्वापाचलाच ठेवली आणि त्या दिवशी जोडीही जुनीच. पेंटरकडून बोर्डावर लिहून घेतलं: 17.45, रविवारी 17.15. एवढ्या ओळीसाठी चार दिवस गेले, पण खरं सांगायचं तर नोकरीत इतकं समाधान फार कमी वेळा मिळालं.

ते मंगळवारपर्यंत टिकलं. मंगळवार बाजाराचा. वाडीच्या बायका भाजी विकून साडेचारला टोपल्या घेऊन स्टँडवर, आणि त्यांची पावणेपाचची गाडीच नाही. त्यातली एक आजी थेट खिडकीशी आली.

"माझी म्हस पाचाच्या पुढं हंबरायला लागती. तिला काय सांगू, साहेबांनी टायमटेबल बदललं म्हणून?"

पंचाहत्तर पूर्ण झालेल्यांना 2022 च्या ऑगस्टपासून एसटी फुकट आहे, आजींना ती सवलत होती. पण फुकट गाडी आली तर पाहिजे ना. मंगळवारपुरती पावणेपाचची परत टाकायची तर दहावाल्या जोडीचा हिशेब पुन्हा उसवत होता. बरंच खेचून बघितलं, नाही बसलं. मी त्यांना तसंच सांगितलं. त्या टोपलीवर बसून राहिल्या, पावणेसहापर्यंत.

मला निवृत्त होऊन वर्ष झालं. परवा बाजारात आजी भेटल्या. "साहेब, किती वाजलं?" म्हणाल्या. हातात त्यांचा स्वतःचा मोबाइल होता.