२.४ गिगाहर्ट्झचा २×२ पॅच अ‍ॅरे: एस-११ छान आला, म्हणून काय झालं?

चार पॅचचा (पॅच म्हणजे बोर्डावरचा तांब्याचा चौकोनी अँटेना) राइट-हँड सर्क्युलर अ‍ॅरे, म्हणजे उजव्या दिशेने गोल फिरणारी लहर सोडणारा अँटेनांचा गट, एकदाचा मोजून झाला. डोळ्यासमोर क्यूओ-१०० या हौशी रेडिओच्या उपग्रहाचा २४०० मेगाहर्ट्झ अपलिंक (उपग्रहाकडे पाठवायचा सिग्नल) आहे, पण हा बोर्ड निव्वळ सरावाचा. तिथे शेवटी डिश लागणारच, आणि डिशवर आदळून लहरीच्या फिरण्याची दिशा उलटते, त्यामुळे डिशचा फीड (डिशसमोर बसवायचा अँटेना) लेफ्ट-हँड करावा लागेल.

बोर्ड १.६ मिमी एफआर-४, म्हणजे नेहमीचा काचतंतू-इपॉक्सीचा सर्किट बोर्ड. या कामाला तो फारसा लायक नाही, हे इथे कुणाला सांगायला नको. लॉस टँजंट (बोर्डाचं साहित्य, म्हणजे डायइलेक्ट्रिक, किती ऊर्जा गिळतं त्याचं माप) ०.०२ म्हणजे डायइलेक्ट्रिकचा क्यू (साठलेली ऊर्जा किती हळू निघून जाते त्याचं माप) ५०. एवढ्या जाडीला रेडिएशनचा क्यूही साधारण त्याच घरात. जवळपास निम्मी पॉवर बोर्ड तापवण्यात जाते. पॅचचे समोरासमोरचे दोन कोपरे छाटले की लहर गोल फिरते. गंमत अशी की ते किती छाटायचे हेही क्यूच ठरवतो: दोन कोपऱ्यांचं मिळून छाटलेलं क्षेत्रफळ हे पॅचच्या क्षेत्रफळाच्या १/(२क्यू) पट. एकूण क्यू २४ आणि पॅच २९ मिमीचा चौरस धरला, तर त्रिकोणाची बाजू ४.२ मिमी येते. त्याच मापाच्या पॅचचा क्यू ५० असता, तर ती तीन मिमीच्या आत आली असती. म्हणून एफआर-४ वर जमलेला छेद चांगल्या लॅमिनेटवर डोळे झाकून उतरवू नका.

चारही पॅच ०, ९०, १८०, २७० अंशांत फिरवले आणि त्यांना सिग्नल पोहोचवणाऱ्या फीडलाही तेवढाच फेज-उशीर दिला. पॅचकडे समोरून पाहिलं तर उशीर घड्याळाच्या उलट दिशेने वाढत जातो. राइट-हँडसाठी हेच हवं. हवा तो (राइट-हँड) घटक चारही पॅचकडून एका फेजमध्ये येतो, नको तो (लेफ्ट-हँड) जोडीजोडीने कटतो. अँटेना-संशोधक जॉन हुआंग यांनी १९८६ मध्ये साध्या लिनिअर (एकाच रेषेत हलणारी लहर सोडणाऱ्या) पॅचकडूनही हे करून घेतलं होतं. पण छाटलेल्या कोपऱ्यांची दिशा एक आणि फिरवण्याचा क्रम दुसरा पडला, तर समोर ऐन मध्यावर सिग्नलच गायब.

आता एस-११, म्हणजे अँटेनाकडे पाठवलेल्या सिग्नलपैकी किती परत येतो त्याचं माप; जितकं कमी तितकं छान. २.३ ते २.५ गिगाहर्ट्झ सलग उणे दहा डीबीच्या खाली! पाहून हुरळून जाऊ नये. पॅचकडून परत येणाऱ्या लहरी जाऊन-येऊन ०, १८०, ३६०, ५४० अंशांवर भेटतात आणि इनपुटपाशी एकमेकींना खाऊन टाकतात. पॅच रेझोनन्सबाहेर गेले तरी नॅनोव्हीएनए (हे मोजणारं छोटं उपकरण) खूशच. त्यात एफआर-४ चा लॉस आलेख आणखी गुळगुळीत करतो.

खरी परीक्षा ॲक्सियल रेशोची, म्हणजे लहर किती नेमकी गोल फिरते याची. लाकडी दांड्यावर लिनिअर पॅच बसवला, अ‍ॅरेपासून दोन मीटरवर. बोर्डाच्या कर्णावरून फार-फील्ड (जिथून पुढे असं मोजमाप भरवशाचं ठरतं) साधारण एक मीटरवरच सुरू होतं. दांडा पंधरा-पंधरा अंशांनी फिरवत एस-२१ (एका अँटेनाकडून दुसऱ्यापर्यंत पोहोचणारा सिग्नल) टिपत गेलो. केबल दांड्याला चिकटपट्टीने घट्ट बांधा, नाहीतर तिच्या हलण्यानेच अर्धा डीबी इकडेतिकडे होतो. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान वाचनातला फरक, म्हणजेच ॲक्सियल रेशो, मध्यावर १.१ डीबी. एकटा पॅच २.६ देत होता. २४५० मेगाहर्ट्झवर एकट्या पॅचची दैना उडते, अ‍ॅरे मात्र ३ डीबीच्या आत टिकतो. फक्त एस-२१ ची पातळी बरीच घसरलेली असते, आणि एस-११ नेमकं हेच लपवतो.

पुढच्या बोर्डात सिग्नल वाटणाऱ्या साध्या टी-जंक्शनऐवजी विल्किन्सन डिव्हायडर (फाट्यांमध्ये रेझिस्टर असलेला वाटप-भाग) टाकतोय. परतलेली पॉवर दुसऱ्या पॅचमध्ये घुसण्यापेक्षा रेझिस्टरमध्ये जिरलेली बरी.